हत्ती नसलेले हत्तीचे बेट

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा ओसरून समुद्र शांत झाला, की गेट वे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून घारापुरीला जाणाऱ्या लाँच पुन्हा भरू लागतात. एका दिवसात आटोपणारी ही सहल आखताना सोमवारी लेणी बंद असतात, हे आधी ध्यानात घ्यावे. इतर दिवशी शक्यतो सकाळची लाँच गाठावी, कारण या प्रवासाला तासभर लागतो आणि त्यानंतर शंभराहून अधिक पायऱ्या चढायच्या असतात. वाटेत तेलवाहू जहाजे आणि जवाहर द्वीप दिसते. हिवाळ्यात लाँचमागे उडणाऱ्या सीगल पक्ष्यांकडे प्रवासी वेफर्स भिरकावतात. पाखरांना खारट तळण आणि समुद्राला रिकामी पाकिटे देण्याची ही हौस मला मुळीच पटत नाही, पण ते असो.

मला आज सांगायचे आहे ते हत्तीविषयी. 1534 मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून मुंबईचा हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. तेव्हा बेटाच्या दक्षिणेस, राजबंदराजवळ, एकाच काळ्या पाषाणातून कोरलेला सुमारे चार मीटर लांबीचा हत्ती उभा होता आणि त्याच्यावरूनच त्यांनी बेटाला एलिफंटा म्हणण्यास सुरुवात केली. 1814 मध्ये या हत्तीची मान तुटून डोके खाली पडले, पुढे धडही ढासळले. तरी तो होता आपल्याच बंदरावर. मग 1864 मध्ये त्याला थेट इंग्लंडला नेण्याचा घाट घालण्यात आला. क्रेन आणली गेली, साखळ्या आवळल्या गेल्या, हत्ती उचलला जाऊ लागला आणि नेमकी साखळी तुटून तो खाली आदळला. त्याचे तुकडे झाले आणि विलायतेचा बेत तिथेच बारगळला. ते तुकडे मुंबईत आणून भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, ठेवण्यात आले. 1914 मध्ये, म्हणजे साखळी तुटल्यानंतर तब्बल पन्नास वर्षांनी, ते सांधून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उघड्यावर उभा आहे, आणि पेंग्विन पाहण्यासाठी रांगा लावणारी मंडळी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पुन्हा सांगतो, ज्या हत्तीने बेटाला जगभर ओळख दिली, तो बेटावर नाही, भायखळ्याला आहे. माझे मत विचाराल, तर त्याने राजबंदरी परत जावे. पण आणखी एका साखळीची परीक्षा घेण्याचे धाडस कोणी करावे, हा प्रश्न उरतोच.

लेण्यांविषयी थोडक्यात सांगतो. मुख्य लेणे साधारणपणे सहाव्या शतकातील असून अनेक अभ्यासक त्याचा संबंध कलचुरी राजवटीशी जोडतात. 1987 मध्ये युनेस्कोने या लेण्यांचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. उत्तरेकडून आत शिरल्यावर थेट समोर, मागच्या भिंतीत, सुमारे साडेपाच मीटर उंचीची त्रिमुखी सदाशिवाची मूर्ती दिसते. तिच्यासमोर छायाचित्र काढून लोक लगेच मागे फिरतात, परंतु तिच्या डावीकडचा अर्धनारीश्वर आणि उजवीकडचा गंगाधर पाहिल्याशिवाय कृपया फिरू नये.

जेवण शक्यतो बेटावरच्या लोकांच्या खानावळीत घ्यावे. या वस्त्यांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती 2018 मध्ये. समोर मुंबई रात्रभर लखलखत असताना येथे जनरेटरवर ठरावीक तास दिवे लागत. हातातल्या खाऊच्या पिशव्या मात्र माकडांपासून जपाव्यात, आणि परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ बेटावर उतरतानाच विचारून घ्यावी.

तर घारापुरीला सोमवारी जाऊ नये, आणि हत्तीला भेटायचे असल्यास राणीच्या बागेत बुधवारी जाऊ नये, कारण तेथील सुट्टी बुधवारी असते. नमस्कार.