दिवाणाखालचा गिअरबॉक्स

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत. मला पस्तीस मिनिटं दिलीयत आणि विषय आहे मारुतीच्या जुन्या जिप्सीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. जिप्सी म्हणजे काय हे इथे सांगायला नको, अर्ध्या लोकांच्या पँटला आत्तासुद्धा गिअर ऑइलचा डाग असेल. फक्त "ऑटोमॅटिक म्हणजे म्हाताऱ्यांची गाडी" हे ज्यांच्या ओठावर आलंय त्यांनी ते गिळा. मी त्रेसष्ट वर्षांचा आहे, डावा गुडघा कामातून गेलाय आणि गाडी विकणार नाहीये. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका रविवारी ताम्हिणीत अडकलो, दोन तास क्लच दाब, सोड, दाब, सोड. घरी आलो तर उतरता येईना, बायकोने हाताला धरून काढलं, सोसायटीचा वॉचमन बघत होता. त्या दिवशी ठरवलं.

माझं म्हणणं एकच आहे. आपल्याकडच्या जुन्या फोर बाय फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाड्यांमध्ये, ऑटोमॅटिकसाठी सगळ्यात लायक गाडी जिप्सी. 1985 ला आली तेव्हापासून शेवटपर्यंत कंपनीने तिला ऑटोमॅटिक दिला नाही तो भाग वेगळा. का लायक, ते पुढे सांगतो.

आता लोक काय सल्ले देतात बघा. एकजण म्हणाला काका, एस्टीमचा ऑटो लावा ना, इंजिनं भाऊभाऊच आहेत. अरे बाबा, एस्टीमचं इंजिन आडवं, पुढची चाकं ओढणारं, तो गिअरबॉक्स जिप्सीत बसवायचा तर गाडी बाजूला चालेल, खेकड्यासारखी! (हसू नका, तो आज आलाय.) उभ्या इंजिनाचा लागतो, म्हणजे परदेशातल्या सुझुकीच्या पहिल्या व्हिटाराचा, तीन गिअरचा, जनरल मोटर्सचा. 1.6 आठ व्हॉल्व्हच्या इंजिनामागे तो असायचा आणि त्या इंजिनाचे बेलहाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या कवचाचे, बोल्ट आपल्या जिप्सीच्या 1.3 ला जुळतात. कॉम्प्युटर नाही, सगळं तेलाच्या दाबावर.

माझा मेहुणा अमेरिकेत. तो कायमचा परत यायचा होता, म्हटलं सामानात टाक. त्याने भंगारवाल्याला फोन केला, व्हिटाराचा ऑटो आहे का, आहे, दिले पैसे, आणि बहिणीच्या सोफ्याबरोबर पेटी निघाली. चार महिने! बंदरावर उघडून बघणाऱ्याने विचारलं हे काय, मेहुणा म्हणाला बायकोच्या भावाचा हट्ट. भाऊबीजेला पेटी आमच्या पार्किंगमध्ये उघडली, सगळी बिल्डिंग गोळा, बहीण म्हणाली ओवाळायचं कोणाला. मी मागचं बूड बघितलं आणि तिथेच खाली बसलो, गुडघा विसरून. फोर बाय फोरचा गिअरबॉक्स आला होता, म्हणजे ज्याच्या पाठीला ट्रान्सफर केस, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, थेट चिकटतो तो. आणि आपल्या जिप्सीचा ट्रान्सफर केस तर सुटा, तीन रबरी माउंटिंगवर वेगळा लटकलेला, मध्ये छोटा शाफ्ट. मला पाहिजे होता टू व्हील ड्राइव्ह व्हिटाराचा, ज्याच्या मागून सरळ शाफ्ट निघतो. सांगताना मीच "फोर बाय फोरसाठी पाहिजे" म्हणालो होतो, तेव्हा भंगारवाला बरोबर, मेहुणा बरोबर, गाढव कोण ते कळलं. दुसरा यायला अजून दीड वर्ष. तो आता दिवाणाखाली आहे, पहिला बाल्कनीत, त्यावर तुळस.

किती झाले? सात मिनिटं? बरं.

तर लायक का, तर हेच. ट्रान्सफर केस सुटा म्हणून मधला जोडतुकडा, म्हणजे अ‍ॅडॅप्टर लागत नाही. महिंद्राच्या जुन्या एमएम 540 जीपला तो गिअरबॉक्सच्या पाठीला बोल्ट केलेला, तिथे अ‍ॅडॅप्टर बनवता बनवता तुमचं लेथवाल्याशी नातं जुळतं. जिप्सीत फक्त मधला शाफ्ट नव्या लांबीचा करून बॅलन्स करायचा. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरच, म्हणून तोही खोटं बोलत नाही.

हिशोब लिहून घ्या. इंजिनाची ताकद किती पट होते ते बघा: मॅन्युअलचा पहिला गिअर 3.65, ट्रान्सफर केसचा हळू पण जोरदार गिअर, म्हणजे लो रेंज, 2.27, गुणाकार 8.3. ऑटोचा पहिला 2.4 च, गुणाकार 5.4, पण जागेवरून निघताना क्लचच्या जागी असलेला तेलाचा टॉर्क कन्व्हर्टर साधारण दुप्पट ताकद देतो, म्हणजे जवळजवळ 11. चढाला मजा, क्लच जळायचा वास नाही. उताराला मात्र कन्व्हर्टर मदत करत नाही, 5.4 वरच भागवा, ब्रेक नीट ठेवा. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे मॅन्युअलच्या पाचव्यासारखा वेगाचा गिअर, नाही, हायवेला इंजिन पाव पट जास्त ओरडेल. धक्का स्टार्ट विसरा, बॅटरी चांगली घ्या.

फ्लायव्हील काढून कन्व्हर्टर धरणारी पातळ फ्लेक्सप्लेट, तेलाचा कूलर वेगळा, गिअरमध्ये असताना सेल्फ लागू नये म्हणून न्यूट्रल स्विच स्टार्टरच्या वायरमध्ये. आणि कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तेलाच्या पंपात पूर्ण बसल्याशिवाय बेलहाउसिंगचे बोल्ट आवळू नका, पहिल्या सेल्फला पंप फुटतो.

कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, मूळ रचना बदलायची नाही, आरटीओच्या परवानगीशिवाय स्पॅनर उचलू नका. अपंग माणसासाठी बदललेल्या गाडीची, म्हणजे अ‍ॅडॅप्टेड व्हेइकलची वाट आहे, माझा अर्ज त्याच वाटेने चाललाय. अशी गाडी फक्त त्या माणसासाठीच वापरायची असते, म्हणजे माझा मुलगा ती मित्रांना घेऊन पळवू शकणार नाही, हा फायदा मला नंतर कळला.

हो हो, उठतोच, तो हॉलवाला दिवे घालवतोय. परवानगी आली की कळवतो, तेव्हा दोन धडधाकट माणसं लागतील. तिसरा मजला, लिफ्ट बंद, दिवाण आधी उचलावा लागेल.