बंधाऱ्याची पातळी कुणाला कळते, कुणाला नाही

[दृश्य: पंचगंगा घाट, भर पावसाळा]

पावसाळ्यात कोल्हापुरात जो तो एकच विचारतो: राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा आकडा बऱ्याचदा फोटोतून फिरतो. अंध माणसाचा फोन नुसतं ‘फोटो’ म्हणतो आणि पुढं सरकतो.

[दृश्य: हातातला फोन, जवळून]

आवाजाच्या दोन्ही कळा तीन सेकंद दाबून धरल्या, की बहुतेक अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय, सुरू होतं. बोट ठेवलं की वाचून दाखवतं, लागोपाठ दोनदा टेकवलं की उघडतं, पान सरकवायला दोन बोटं. हे ठाऊक नसलेल्या घरच्यांना वाटतं फोन हँग झाला. ते टॉकबॅक बंद करून मोकळे होतात.

खरी गोची मराठी आवाजाची. टेक्स्ट-टू-स्पीचच्या सेटिंगमधून तो आधी डाउनलोड करावा लागतो, नाहीतर देवनागरी मजकूर गाळला जातो किंवा भलताच वाचला जातो. हे काम जूनच्या आधी उरकावं. पुरात नेट असेलच असं नाही. युनिकोड (अक्षरांची सर्वमान्य संगणकी पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफपुढं मात्र हा आवाजही हतबल: डोळ्यांना स्वच्छ मराठी, कानाला निरर्थक अक्षरांचा चिवडा. उपाय फुकटातला आहे. फोटोखाली तेच टाइप करायचं: ‘राजाराम बंधारा, सकाळी 8 वाजता, 40 फूट 2 इंच.’

[दृश्य: खुणांच्या भाषेत व्हिडिओ कॉल]

कर्णबधिरांना तो फोटो वाचता येतो. त्यांचं अडतं मदत मागताना, कारण आपत्ती कक्षाचा 1077 हा बोलायचा नंबर. व्हिडिओ कॉलवर खुणा नीट कळायला सेकंदाला 20 ते 25 चित्रं लागतात. नेटवर्क ढिलं पडलं की चेहरा दिसतो, बोटं पुसट होतात. मग सरळ मेसेजवर यावं. खिडकीकडं पाठ करून तर बसूच नये, चेहऱ्यावर अंधार येतो.

दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 8: जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवायची. त्या नोंदीत नावापुढं ‘कॉल चालतो की मेसेज’ एवढा एक रकाना हवाच.

[दृश्य: सिमकार्डचं दुकान]

पुरात फोन गेला, नवं सिम घ्यायचं, तर केवायसीचं (ओळख पडताळणीचं) ॲप म्हणतं, डोळे मिचकावा. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्यासाठी पर्यायी पद्धत ठेवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 30 एप्रिल 2025 रोजी दिला आहे. काउंटरवर अडवलं, तर ही तारीख सांगावी.