तोल जाऊ द्या की थोडा!

मागे ऐकू येतंय ना? बरं. विषय आहे लघुमेंदूचा अटॅक्सिया, म्हणजे लघुमेंदू बिघडल्याने तोल आणि हालचालींचा मेळ जाणं, आणि त्यावरचे तोलाचे व्यायाम. पण आधी माझं एक जुनं दुखणं ऐका.

बहुतेक पेशंटच्या पिशवीत एक कागद असतो. झेरॉक्सची झेरॉक्स. चित्रातल्या माणसाचा चेहरा उडालेला, पाय तेवढे शिल्लक. पलंगावर पडा, टाच दुसऱ्या नडगीवरून खाली न्या, तोंडाने आकडे म्हणा. हे फ्रेंकेलचे व्यायाम. हा स्वित्झर्लंडमधल्या हायडेनचा डॉक्टर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. त्याचे पेशंट सिफिलिसने मज्जारज्जू बिघडलेले. (काकू, दचकू नका, तुमच्या कागदावर ते छापलेलं नाही.) त्यांना आपला पाय कुठे आहे हेच समजत नसे, म्हणून त्याने डोळ्यांनी बघून पाऊल टाकायला शिकवलं. चोख काम! पण लघुमेंदूच्या पेशंटला पाय कुठे आहे ते कळतं. चुकतो तो जोर किती लावायचा, कधी थांबायचं, हा हिशेब.

आमचे एक गुरुजी होते, निवृत्त. पावसाळाभर त्यांनी तो कागद गिरवला. पलंगावर पहिला नंबर, उभं केलं की झोकांड्या. एक दंड मुलाच्या हातात, दुसरा सुनेच्या, आणि दोघांचं एकच पालुपद, "पडाल, पडाल!" गुरुजी म्हणाले, "मॅडम, आधी गावाला नुसता संशय होता. आता दोघं धरून नेतात म्हटल्यावर खात्रीच पटली, मास्तर पितो!" सुपारीपलीकडे व्यसन नाही हो माणसाला. मी मुलाला विचारलं, तुम्ही दोघांनी धरल्यावर तोल सांभाळतंय कोण? तुम्ही. म्हणजे व्यायाम तुमचाच झाला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. पळते आता.

जर्मनीतल्या ट्यूबिंगेनमध्ये 2009 साली अटॅक्सियाच्या 16 जणांना 4 आठवडे, आठवड्यातून 3 तास असं तोल आणि हालचालींच्या मेळाचं प्रशिक्षण दिलं. चाल आणि तोल सुधारला, आणि पायाची जाणीव बिघडलेल्यांपेक्षा लघुमेंदूच्या पेशंटना जास्त फायदा झाला. घरी व्यायाम चालू ठेवून तो वर्षभरानंतरही बराच टिकला. जपानात 2012 साली 42 जणांत हातापायांपेक्षा धड आणि चाल जास्त सुधारली. बाल्टिमोरमध्ये 2014 साली 14 जणांनी 6 आठवडे घरीच केलं. तिथे किती वेळ केलं यापेक्षा तोलाला किती आव्हान दिलं, ते महत्त्वाचं ठरलं. आजार थांबत नाही, हे स्पष्ट सांगते.

घरी कसं करायचं? आधी तुमच्या फिजिओला दाखवून घ्या. कोपऱ्यात उभं राहा: पाठीशी दोन भिंती, समोर जड खुर्ची. पाय जुळवून, मग एकापुढे एक, मग मान वळवत, मग घडी केलेल्या रजईवर. सोपं वाटलं की पुढची पायरी. घरच्यांनी मागे थांबायचं, हात कमरेजवळ पण अंगाला न लावता. खरंच तोल गेला तरच धरायचं. चालताना वळणं आणि उंबरा मुद्दाम घ्या. आणि हो, खुर्ची चाकांची नको, प्लॅस्टिकचीही नको. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, माझी बस आहे.