पाय चालायला लागले की डोक्यात काय होतं

(दृश्य: वेताळ टेकडी, सकाळची वेळ)

सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीवर या. पुण्यातली सगळ्यात उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. कोणी पळतंय, कोणी सोसायटीच्या मेंटेनन्सवरून तावातावाने बोलतंय, कुत्री आपापल्या मालकांना ओढत नेतायत, आणि ह्या सगळ्या गर्दीत एखादा असा दिसतोच जो रमतगमत चाललाय, मधेच थांबतो, मोबाईल तोंडाशी धरून काहीतरी पुटपुटतो आणि परत चालायला लागतो. काळजी करू नका, बरा आहे तो. लेखक आहे. घरी टेबलाशी बसून जे वाक्य येत नव्हतं ते त्याला चढावर सापडलंय, आणि खाली उतरेपर्यंत विसरेल म्हणून रेकॉर्ड करतोय.

आता हे टेकडीमुळे होतं की चालण्यामुळे? आपण सगळे पटकन म्हणतो, मोकळी हवा, झाडं, मोर, त्याने मन फ्रेश होतं. पण थांबा जरा.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ ह्या दोघांनी २०१४ साली ह्याच्यावर एक पेपर छापला. लोकांना विचारलं, बटणाचे नेहमीचे सोडून अजून काय काय उपयोग होतील सांगा, म्हणजे बाहुलीच्या घराच्या दाराला मूठ वगैरे. आधी बसून सांगायचं, मग चालत सांगायचं. चालताना सुचलेल्या नव्या कल्पना सरासरी ६० टक्क्यांनी वाढल्या. आणि गंमत अशी की ही माणसं बागेत नव्हती हो, बंद खोलीत ट्रेडमिलवर होती, समोर कोरी भिंत! ना झाड ना मोर. शिवाय चालून येऊन परत खुर्चीत बसल्यावरही थोडा वेळ तो परिणाम टिकला.

हे ऐकल्यावर मला पहिलं आठवलं ते जातं.

(दृश्य: जातं, दळणारे हात)

विचार करा, पहाटेचा अंधार, घरातला तोच रोजचा कोपरा, समोर तीच सारवलेली भिंत, आणि हात गोल गोल फिरतोय. अशा जागी बसून आपल्या आज्ज्या-पणज्यांनी ओव्या रचल्या, माहेरावर, भावावर, पंढरीच्या विठोबावर, सासूवर तर विचारूच नका. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनी गावोगावी फिरून अशा ओव्या गोळा करवल्या, एक लाखाच्या वर भरल्या. एक लाख! रायटर्स ब्लॉक, म्हणजे लिहायला बसलं की काहीच न सुचणं, ही चैन तिथे कुणाला परवडत नव्हती. जात्याची घरघर हाच ठेका, हात त्याच्या लयीत पडला की पुढचे शब्द आपोआप येत असणार असं मला वाटतं. आता दळणं म्हणजे चालणं नव्हे, मान्य, पण अंग एका लयीत हलतंय आणि डोकं मोकळं आहे, हे दोन्हीकडे सारखंच की.

इंग्लंडमध्ये डार्विनचंही तेच. केंट परगण्यातल्या घरामागे त्याने वाळूची एक पायवाट करून घेतली होती, रोज तिच्यावरच फेऱ्या. वाटेशी गारगोट्यांची रास ठेवायची आणि दर फेरीला एक दगड पायाने बाजूला उडवायचा, म्हणजे आकडा लक्षात ठेवायलाही डोकं लावायला नको. भारी ना?

मग देखावा बदलून काहीच फरक पडत नाही का? पडतो. त्याच संशोधकांनी पुढे काही जणांना बाहेर चालायला लावलं, काही जणांना व्हीलचेअरवर बसवून बाहेर फिरवलं, काहींना आत ट्रेडमिलवर, आणि काहींना आत नुसतं बसवून ठेवलं, आणि सगळ्यांकडून उपमा मागितल्या. बाहेर चालणाऱ्या प्रत्येकाला निदान एक तरी नवी आणि चांगली उपमा सुचली, आत बसलेल्यांपैकी फक्त निम्म्यांना. म्हणजे पाय विचारांना वेग देतात आणि नजर त्यांना माल पुरवते, असं मी तरी समजतो. देहूजवळच्या भंडारा डोंगरावर तुकोबा जाऊन बसायचे. वनचरांना सोयरे म्हणणारा अभंग त्यांना वाण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसून सुचला असता का? मला नाही वाटत.

(दृश्य: कसबा पेठ, तांबट आळी)

माल हवा असेल तर टेकडी सोडून पेठेत या. तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठारकाम चाललेलं असतं, एकेक ठोका एकेक खळगा पाडत पुढे सरकतो, दोन दुकानांतले ठोके कधी एकमेकांत मिसळतात कधी भांडतात, हे घरी बसून कल्पनेने लिहिता येत नाही, तिथे उभं राहून ऐकावं लागतं. पण विचार करत चालायचं म्हणाल तर पेठेत शक्य नाही, कारण फुटपाथवर एकतर बाइक लावलेली असते नाहीतर चालवलेली असते, आणि सगळं लक्ष जीव वाचवण्यात जातं. महापालिका ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन करते, छान वाटतं, उरलेल्या दिवसांचं काय ते तुम्ही बघताच. पर्वतीच्या १०३ पायऱ्याही ह्या कामाला नकोत, धाप लागल्यावर माणसाला फक्त पाणी सुचतं. स्टॅनफर्डमध्येही ज्याला जो वेग बरा वाटेल तोच ठेवायला दिला होता.

आणि एक गोष्ट रील्सवाले सांगत नाहीत. जिथे एकच बरोबर उत्तर शोधायचं असतं, म्हणजे तीन शब्दांना जोडणारा चौथा शब्द वगैरे, तिथे चालणारे लोक बसलेल्यांपेक्षा थोडे मागेच पडले. त्यामुळे टेकडीवर रेकॉर्ड केलेलं सगळंच सोनं नसतं, घरी येऊन ऐकलं की अर्ध्याहून जास्त नुसता श्वासाचा आवाज आणि वेडगळ कल्पना निघतात. कापाकापी, शुद्धलेखन, शेवट कुठे करायचा, ही कामं पंखा लावून, खुर्चीत बसूनच करायची.