पाहिलंत की ऐकलंत?

लोकांना वाटतं, छळाच्या आणि अत्याचाराच्या साक्षी नोंदवायच्या या कामाला संताप लागतो. लागतो, पण तो बाहेर ठेवून साक्षीदारासमोर बसावं लागतं. समोरची बाई सांगते, ‘माझ्या भावाला गाडीत कोंबून नेलं.’ आणि मी विचारतो, तुम्ही स्वतः पाहिलंत की कुणी सांगितलं? कुठे उभ्या होतात? उजेड किती होता? हे विचारताना आपलीच आपल्याला लाज वाटते. पण पुढे नाकारणारे बसलेलेच असतात. अहवालातली एक ऐकीव गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या साक्षींवरही पाणी पडतं.

कोठडीतून सुटलेल्या माणसाला मी कोरा कागद देतो आणि आतला नकाशा काढायला सांगतो. डोळ्यांवर पट्टी असली तरी माणूस पायऱ्या मोजतो, कुठे ठेच लागली ते पायाला आठवतं. एकमेकांना कधीच न भेटलेल्या दोघांच्या कागदांवर जिना त्याच जागी वळला, की त्याला वजन येतं. उलट दोन जबान्या शब्दाला शब्द जुळल्या तर मी सावध होतो. आठवणी इतक्या नीटनेटक्या नसतात.

वैद्यकीय पुराव्यातही हेच. छळाच्या तपासासाठी १९९९ साली तयार झालेला ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ डॉक्टरला नुसतं ‘छळ झाला’ असं लिहू देत नाही. व्रण सांगितलेल्या हकिकतीशी जुळत नाही इथपासून तो दुसऱ्या कशानेही झालेला असू शकत नाही इथपर्यंत, पाच पायऱ्या आहेत. त्यातली नेमकी निवडायची.

आता पुरावा फोनमध्येही असतो. जुलै २०१८मध्ये एक व्हिडिओ फिरू लागला: सैनिक दोन बायका आणि दोन लहान मुलांना गोळ्या घालतात. आफ्रिकेतल्या कॅमेरूनच्या सरकारने आधी तो खोटा ठरवला. बीबीसीच्या शोधपथकाने मागच्या डोंगराची कडा उपग्रहचित्रांशी ताडून पाहिली आणि जागा सापडली, देशाच्या उत्तर टोकाला झेलेवेत गावाजवळ. मग चालणाऱ्या सैनिकाची सावली मोजली. उपग्रहचित्रांतल्या इमारतींवरून काळ ठरला आणि त्या सावलीवरून तारीख निघाली: २० मार्च ते ५ एप्रिल २०१५च्या दरम्यानची. २०२०मध्ये लष्करी न्यायालयाने चार सैनिकांना प्रत्येकी १० वर्षांची शिक्षा दिली. मेलेल्यांच्या वतीने डोंगर बोलला, असं म्हणायचा मोह होतो. पण तो डोंगर आठवडेच्या आठवडे कुणीतरी पडद्यावर शोधत बसलं होतं.

शेवटी संमतीबद्दल. ती एकदा घेतली की झालं, असं नसतं. छपाईच्या आदल्या दिवशी साक्ष दिलेल्या बाईचा फोन येतो, ‘माझं काढून टाका, घरात मुलं आहेत.’ नेमकी तीच साक्ष सगळ्यात भक्कम असते. मी एकदा विचारतो, नक्की का? हो म्हणाली की दुसऱ्यांदा विचारत नाही. नाव बदलून भागत नाही, कारण तो जिना, ती खिडकी वाचून, उचलून नेणाऱ्यांना माणूस ओळखता येतो. मग ते अख्खं पान काढून टाकतो.