विश्वामित्रीच्या गाळात पोकलेन

(दृश्य: पावागड. मग वरून दिसणारं विश्वामित्रीचं उन्हाळ्यातलं पात्र, शहराच्या मधून वळणं घेत गेलेलं.)

विश्वामित्रीचा उगम पावागडावर. त्याच डोंगराच्या पायथ्याशी, हालोलला, एप्रिल २०२२ मध्ये जेसीबीचा, मशीनचे भाग बनवणारा, कारखाना सुरू झाला. उद्घाटनाला ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन आले होते आणि पिवळ्या मशीनवर चढून हात हलवून गेले. नदी आणि मशीन, दोघांचं गाव एकच म्हणायला हरकत नाही. पुढे वडोदऱ्यात दोघांची गाठ पडते ती मात्र चिखलात.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात ही नदी काळाघोड्याच्या पुलापाशी पस्तीस फुटांच्या वर गेली. पाणी ओसरायला दिवस लागले. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वनखात्याने वस्तीतून २४ मगरी पकडल्या. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत पुराच्या गोष्टी पिढ्यान् पिढ्या चालत आल्यात. या पुराने त्यांत आणखी भर घातली. मग २०२५ च्या उन्हाळ्यात महापालिकेने शहराच्या हद्दीतली सुमारे २४ किलोमीटर नदी खोल आणि रुंद करायला घेतली. मुदत पावसाळ्यापर्यंत.

काठावर उभं राहून पाहणाऱ्याला हे काम सोपं वाटतं. मशीन आणा, खाली उतरवा, गाळ उपसा. पण अडचण ‘खाली उतरवा’ या दोन शब्दांत आहे.

(दृश्य: काठाचा उतार. ओल्या मातीवर चेनचे ठसे, ठशांत साचलेलं पाणी.)

थोडा हिशेब करू. नेहमीचं पोकलेन, म्हणजे चाकांऐवजी लोखंडी चेनवर चालणारं खोदयंत्र, असतं वीस-एकवीस टनांचं. त्याच्या चेनचे पॅड, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या लोखंडी पट्ट्या, साठ सेंटिमीटर रुंद. दोन्ही चेन मिळून जमिनीला टेकणारी जागा पाच चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर भार येतो जेमतेम अर्धा शेर... नाही, जुनी मापं नकोत. अर्ध्या किलोहून थोडा कमी. माणूस चालताना एका पायावर येतो तेव्हा त्याच्या तळव्याखालीही भार जवळपास तेवढाच असतो. म्हणजे कागदावर पाहिलं तर जिथे माणूस चालतो तिथे पोकलेनही चालायला हवं.

चालत नाही, याची दोन कारणं आहेत. पहिलं जमिनीच्या पोटात आहे. भार जितक्या रुंद जागेवर टेकतो तितका तो खोल पोचतो. माणसाच्या पावलाचा दाब वीतभर खाली जाऊन विरतो, आणि नदीकाठच्या गाळाला वरून वाळलेली जी साय असते ती तेवढं पेलते. पोकलेनचा दाब मीटर-सव्वा मीटर खाली जातो. तिथे साय नसते, तिथे पाण्याने फुगलेला गाळ असतो. दुसरं कारण मशीनच्या हातात आहे. बूम पुढे पसरून, बकेट भरून उचलली की सगळं वजन चेनच्या पुढच्या टोकावर येतं. तिथला दाब त्या क्षणी सरासरीच्या दुप्पट होऊ शकतो. मशीन उभं असताना रुतत नाही, काम करताना रुततं, ते यामुळे.

वडोदऱ्याची माती यात आपला वाटा उचलते. शहराच्या आसपास काही भागांत गोराडू, म्हणजे भुसभुशीत गाळवट, आणि काही भागांत काळी. काळी माती पाणी प्यायली की फुगते, चिकटते, बकेटमधून सुटत नाही. गोराडू त्याहून फसवी. पहिल्या फेरीला ती घट्ट लागते. त्याच ठशावरून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चेन फिरली की हादऱ्यांनी आतलं पाणी वर येतं आणि तीच जागा खिरीसारखी होते. म्हणून जाणता ऑपरेटर आत जाताना एका वाटेने जातो आणि परतताना शक्यतो दुसऱ्या. हेल्पर पुढे चालतो, हातात लांब बांबू. बांबू सहज आत गेला तर तो हात वर करतो, आणि मशीन थांबतं. सर्वेक्षणाचे नकाशे ऑफिसात असतात. त्या घटकेला त्या बांबूचं ऐकतात.

(दृश्य: रुंद पॅडची चेन, जवळून.)

यावरचा पहिला उपाय रुंद पॅड. साठऐवजी नव्वद सेंटिमीटर लावले की भार दीडपटीने पसरतो, चौरस सेंटिमीटरला तीनशे ग्रॅमवर येतो. मग सगळ्यांनीच नव्वदचे का लावू नयेत? कारण दगडावर, काँक्रीटच्या तुकड्यांवर रुंद पॅडची कड वाकते, बोल्ट ढिले होतात. आणि शहरातल्या नदीचा काठ म्हणजे नुसता गाळ कधीच नसतो. पडलेल्या घरांचा मलबा, गोणपाटं, मूर्तींच्या लोखंडी सळ्या, काय वाटेल ते निघतं. एका पुलाजवळ बदकाचे पाय हवेत आणि पुढच्या पुलाजवळ बैलाचे खूर, अशी ही नदी.

दुसरा उपाय वाट अंथरण्याचा. जाड लाकडी ओंडके दोराने किंवा साखळीने जोडून चटई करतात. मशीन चटईवर उभं राहतं, मागची चटई बकेटने उचलून पुढे टाकतं, पुढे सरकतं. कामाचा निम्मा वेळ चटया हलवण्यात जातो. ठेकेदाराला ते डोळ्यांनी बघवत नाही, पण फसलेलं मशीन काढण्याचा खर्च एकदा भरलेला माणूस चटयांबद्दल कुरकुर करत नाही.

वाट अंथरण्याचं एक लांबचं उदाहरण: स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला फ्लो कंट्री नावाचा प्रदेश आहे. हजारो वर्षं कुजत आलेल्या शेवाळाची तिथे मैलोगणती दलदल आहे आणि तिच्यात वजनाने नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच. १९७०-८० च्या दशकांत तिथे नांगरट करून, चर खणून परदेशी सूचिपर्णी झाडं लावली गेली. दलदल सुकू लागली. आता उलटं काम चालू आहे: झाडं काढायची, चर बुजवायचे, पाणी परत थांबवायचं. तेही पोकलेननेच. तिथली मशीनं मीटरभर किंवा त्याहून रुंद पॅडवर चालतात आणि तोडलेल्या झाडांच्याच फांद्या पुढे अंथरून त्यांवरून जातात. फांद्यांचा थर भार पसरवतो आणि मुळांच्या जाळ्याला फाटू देत नाही. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोने फ्लो कंट्रीला जागतिक वारसा ठरवलं. ज्या जमिनीला मशीनने बिघडवलं तिलाच मशीनने सावरणं, आणि त्यासाठी आधी मशीनला हलकं चालायला शिकवणं, ही गोष्ट मला आपल्या नदीसाठी फार कामाची वाटते.

फांद्यांची युक्ती इथेही चालते, कारण विश्वामित्रीच्या काठावर गांडो बावळला, म्हणजे वेड्या बाभळीला, तोटा नाही. हे झाड मूळचं अमेरिकेकडचं, इथे इतकं माजलंय की गावठी वाटावं. त्याच्यात शिरायचं तर मशीनला जंगलाचा साज लागतो. केबिनवर जाळी, छतावर पत्रा, पोटाखाली जाड प्लेट, हायड्रॉलिकच्या पायपांवर आवरण. एक वाकलेली फांदी सुटून पायपाला लागली की गरम तेलाची चिळकांडी, आणि काम बंद. पाला रेडिएटरला चिकटतो, मशीन तापतं. दर दोन तासांनी उतरून झटकावं लागतं. तापलेल्या सायलेन्सरजवळ वाळका पाला साठला तर आग लागते, हे तर कुठल्याही जुन्या ऑपरेटरला विचारा. तेलाचं आणखी एक. पाण्याजवळच्या कामात युरोपात अनेक ठिकाणी वनस्पतीपासून केलेलं, लवकर विघटन होणारं हायड्रॉलिक तेल वापरतात. ते महाग पडतं, तरीही नदीत उतरणाऱ्या प्रत्येक मशीनच्या निविदेत ते लिहिलेलं असावं असं माझं मत आहे.

(दृश्य: लांब बूमचं मशीन काठावर उभं, बकेट पात्रात.)

तिसरा उपाय खाली न उतरण्याचा. लाँग बूम. नेहमीच्या मशीनची पोच नऊ-दहा मीटर; लांब बूमची पंधरा ते अठरा. मशीन वर पक्क्या जागी, बकेट खाली गाळात. वाचायला उत्तम. पण हात लांब झाला की उचलण्याची ताकद घटते, म्हणून बकेट छोटी लावतात, अर्ध्या घनमीटरच्या आसपास, तीही तळाला भोकं असलेली. पाणी गळून जातं, गाळ राहतो. शिवाय ओल्या गाळात बकेट ओढताना चोषण होतं. गाळ बकेटला धरून ठेवतो, ऑपरेटर वर खेचतो आणि मशीनची मागची बाजू किंचित उचलली जाते. नवखा माणूस इथे जोर करतो. मुरलेला बकेट थोडी हलवतो, कडेने हवा आत जाऊ देतो आणि मग उचलतो.

आणि चौथा उपाय, ज्याला बघायला काठावर गर्दी जमते: तरंगणारं पोकलेन. वरचा भाग तोच. केबिन, बूम, बकेट. खाली चेनच्या जागी दोन अजस्र पोलादी डबे, आतून बंद कप्प्यांत विभागलेले, म्हणजे एक कप्पा फुटला तरी मशीन बुडत नाही. त्या डब्यांभोवती साखळ्या फिरतात. आठ-नऊ मीटर लांब आणि प्रत्येकी दीड मीटर रुंद डबे असले की चोवीस ते सत्तावीस चौरस मीटर जागा टेकते, आणि चौरस सेंटिमीटरला भार येतो सव्वाशे ग्रॅमच्या आगेमागे. जिथे माणूस गुडघ्यापर्यंत रुततो तिथून हे धूड निघून जातं. खोल पाण्यात मात्र ते वल्ह्यांच्या होडीपेक्षाही मंद. साखळ्यांनी पाणी फारसं कापलं जात नाही. मशीन बकेट तळात रोवून स्वतःला ओढून घेतं. खोदताना डगमगू नये म्हणून बाजूचे खांब तळात उतरवतात.

इथे नियम एकच, वरची पोलादी गोल बैठक, जिच्यावर केबिन फिरते, ती पाण्याखाली जाता कामा नये. नेहमीच्या मशीनलाही तेच. बैठकीत पाणी शिरलं की ग्रीस धुऊन निघतं, आणि पुढच्या महिन्याभरात खडखड सुरू.

(दृश्य: काठावर लाल फडकी लावलेल्या काठ्या. दूर वाळूवर मगर.)

आता मगर. या नदीत सुमारे ४४० मगरी असल्याचं सांगितलं जातं. शहराच्या मधोमध इतक्या मगरी असलेली दुसरी नदी दाखवा म्हणून बडोदेकर पैज लावतात. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. ती काठाच्या मातीत कित्येक मीटर लांब बिळं करते. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की, काठावर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात.

तारखा जुळवून पाहा. मशीनला नदीत उतरायचा हंगाम तो मगरीच्या घरट्याचाही. यातून पळवाट नाही. पावसाळ्यात नदीत मशीन घालता येत नाही. मग काम सुरू होण्याआधी काठ पायी तपासावा लागतो, बिळांची तोंडं खुणावून ठेवावी लागतात, आणि मशीनजवळ नजर ठेवायला प्राणी ओळखणारा माणूस उभा करावा लागतो. तो ‘थांबा’ म्हणाला की मुकादमाने घड्याळ बघायचं नाही. ‘भाऊ, इथून पाच मीटर सोडा’ असं म्हणायला त्याला अधिकार हवा, नुसतं जाकीट नको.

मशीनची निवडही इथे बदलते. लाँग बूम काठावर उभं राहतं, म्हणजे त्याचं वजन थेट बिळांच्या छतावर. तरंगणारं पोकलेन काठ मोकळा ठेवतं, पण पाणी ढवळतं. एका वळणाला जे बरोबर ते पुढच्या वळणाला चूक. सगळ्या पट्ट्याला एकच मशीन, एकच उतार, एकच रुंदी लावली तर मोजमापाचं पुस्तक सुबक दिसतं. नदी मात्र बाहेरच्या वळणावर काठ खाणार आणि आतल्या वळणावर गाळ टाकणार, ते तिचं काम ती सोडत नाही. जिथे झाडांच्या मुळांनी काठ धरलाय तिथला काठ मोकळा करणं हे मला तरी कामाच्या यादीत वाढ करणं वाटतं.

(दृश्य: संध्याकाळ. हेल्पर फावड्याने चेनमधला चिखल काढतोय.)

मशीन बंद झालं की हेल्परचं काम सुरू होतं. चेनमधला चिखल त्याच रात्री काढायचा. काळी माती वाळली की विटेसारखी होते, आणि सकाळी तीच रोलर घासते. चिखलात चेन नेहमीपेक्षा थोडी सैल ठेवतात, कारण दात्यांत माती भरली की ती आपोआप ताणली जाते. ग्रीस रोजचं रोज. मशीन उभं करायचं ते नदीपासून लांब, चढावर. वर आजवा जलाशयाकडे पाऊस झाला की इथे कोरड्या आकाशाखालीही पाणी चढतं.

आणि गाळ? उपसलेला गाळ काठावरच रचला तर पहिल्या सरीला तो परत पात्रात येतो, म्हणून डंपर लागतात. डंपरला रस्ता लागतो, आणि चाकांचा दाब चेनपेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा खरं रुततं ते डंपर. अशा साईटवर पोकलेनचा दिवसातला बराच वेळ डंपरला मागून ढकलण्यात जातो, हे कुठल्याही अंदाजपत्रकात सापडणार नाही.

जून लागला की मशीनं वर. तरंगणाऱ्या मशीनचे डबे रस्त्याच्या मापात बसत नाहीत. ते सुटे करतात, क्रेनने उचलून वेगळ्या ट्रेलरवर टाकतात, वरचा भाग दुसऱ्यावर. जोडायला आणि सोडायला लागणारे दिवस भाड्यात धरायचे की नाहीत, यावर मालक आणि ठेकेदार यांची बोलणी ट्रेलर निघेपर्यंत चालतात.