खोक्याची मागची बाजू

(पुण्यातल्या एका महिला मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मैत्रिणींनो. फलकावर लिहिलंय, 'महागड्या मेकअपला परवडणारे पर्याय'. हळदीकुंकवात, लग्नघरात, लोकलच्या डब्यात आपण सगळ्या या विषयावर बोलतो, पण कुजबुजत. "छान आहे गं शेड, कुठली?" "तुळशीबागेतली, पण सांगू नकोस कुणाला." का नाही सांगायचं? आज माइकवरून सांगू या.

माझी सगळी नोकरी रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. भिंतीचे रंग नव्हेत, गाड्यांचे आणि फर्निचरचे. म्हणून मी नेलपॉलिशकडे रंग म्हणून बघते, आणि तुम्हीही तसंच बघावं यासाठी आज आले आहे. कपाट करताना सुतारानं "ताई, ड्युको मारून देतो" असं कुणाकुणाला म्हटलंय? बघा, निम्म्या सभागृहाचे हात वर आहेत. ड्युको हे अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या मोटारीच्या रंगाचं नाव. 1920च्या दशकात तो आला. त्याआधी गाडी रंगवून वाळवायला आठवडे लागत, या रंगानं ते काम तासांवर आणलं. तो रंग म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं लॅकर. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून हा पदार्थ मिळतो. नायट्रोजनचं प्रमाण वाढवलं की त्याचीच स्फोटक दारू होते, आणि जुन्या सिनेमाच्या पेट घेणाऱ्या फितीही याच्याच होत्या. तुमच्या नखांवर बसतो तो पापुद्रा याच घराण्यातला. म्हणून हात जोडून सांगते, नेलपॉलिश ओलं असताना निरांजन लावू नका आणि गॅसपाशी उभ्या राहू नका. बाटली शंभराची असो वा तीन हजारांची, पेट दोन्ही सारख्याच घेतात.

1932 साली न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स रेव्हसन, त्याचा भाऊ जोसेफ आणि रसायनतज्ज्ञ चार्ल्स लॅकमन यांनी रेव्हलॉन काढली, ती एकट्या नेलपॉलिशवर. तोपर्यंत बहुतेक पॉलिश पातळ, रंगद्रव विरघळवलेली आणि आरपार दिसणारी असत. यांनी रंगाची न विरघळणारी बारीक पूड, म्हणजे पिग्मेंट घातलं आणि नख झाकणारा गडद रंग बाजारात आणला. त्यानंतर बाटलीतला मूळ मसाला फारसा बदललेला नाही. ब्यूटिल ॲसिटेट आणि इथिल ॲसिटेट हे उडून जाणारे द्रावक. पापुद्रा धरणारं नायट्रोसेल्युलोज. चमक आणि चिकटपणा देणारं एखादं रेझिन. पापुद्रा तडकू नये म्हणून प्लास्टिसायझर, आजकाल बहुधा ॲसिटिल ट्रायब्यूटिल सायट्रेट. पूड तळाशी बसू नये म्हणून प्रक्रिया केलेली चिकणमाती. आणि रंग: पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, तपकिरी छटांसाठी आयर्न ऑक्साइड, लालसाठी बहुतेक वेळा सीआय 15850 (सीआय म्हणजे कलर इंडेक्स, रंगांची क्रमवार यादी). हा शेवटचा क्रमांक लिहून घ्या, लिपस्टिकमध्येही भेटेल.

आता ज्या गोष्टीनं मला या विषयाला जुंपलं ती सांगते. भाचीच्या लग्नाची खरेदी होती. एका मोठ्या मॉलमधल्या झगमगीत काउंटरवर आम्ही दोघी उभ्या. भाचीला तिथलं एक गडद मरून नेलपॉलिश आवडलं. किंमत दोन हजारांच्या पुढे. माझ्या चेहऱ्यावरचे भाव बघून ती विक्रेती मुलगी म्हणाली, "मॅडम, स्वस्तातल्यात केमिकल असतं. हे केमिकल-फ्री आहे." (हशा) तुम्ही हसता, पण मला तिथे रागच आला. त्या मुलीचा नाही, ती बिचारी दिवसभर उभी राहून पढवलेलं बोलत होती. राग आला तो पढवणाऱ्यांचा. मी म्हटलं, "बाळा, खोकं दे जरा." खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत यादी होती. माझ्या पर्समध्ये त्याच रंगाच्या जवळपासची, रस्त्यावरच्या दुकानातून घेतलेली बाटली होती, आणि नशिबानं तिच्या खोक्यावरही यादी होती. दोन्ही काउंटरवर शेजारी ठेवल्या आणि मोठ्यानं वाचायला लागले. ब्यूटिल ॲसिटेट, ब्यूटिल ॲसिटेट. इथिल ॲसिटेट, इथिल ॲसिटेट. नायट्रोसेल्युलोज, नायट्रोसेल्युलोज. शेजारच्या दोन बायका थांबल्या, एकीनं चष्मा काढला. तेवढ्यात मॅनेजर आले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, इथे उभं राहून वाचू नका, बाकीच्या कस्टमर्सना त्रास होतो."

मैत्रिणींनो, छापलेलं वाचल्यानं कुणाला त्रास होतो? आपण तूरडाळ घेताना मुठीत घेऊन बघतो, साडीचा पोत चिमटीत धरून बघतो, सोन्याचा हॉलमार्क भिंगाखाली बघतो. मेकअपपाशीच आपण गप्प का होतो? कारण तिथे आपल्याला आधी कमीपणा वाटायला लावतात आणि मग वस्तू विकतात. त्या मुलीनं भाचीकडे बघून "तुमच्या स्किनटोनला स्वस्त शेड सूट नाही होणार" असंही ऐकवलं होतं. हे वाक्य मी कधीच विसरणार नाही. सावळ्या मुलीला रंगावरून हिणवून तिच्याकडून जास्त पैसे काढायचे, हा धंदा मला सहन होत नाही.

दुसरी तक्रार कायद्याची आहे. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या लेबलवर घटक उतरत्या प्रमाणात छापावे लागतात, पण साठ मिलीपेक्षा लहान द्रव मालाला यातून सूट आहे. नेलपॉलिशची बाटली पाच ते पंधरा मिलीची! म्हणजे जिथे वाचायची सगळ्यात जास्त गरज, तिथे छापायची सक्ती नाही. तरीही अनेक स्वस्त कंपन्या यादी छापतात. त्यांना तुमचे पैसे द्या, असं माझं म्हणणं आहे.

थोडं विषयांतर करते, पण गोष्ट आपल्या देशाची आहे. परवडणारा पर्याय शोधणं म्हणजे काही कमीपणाची गोष्ट नाही, हे काम देशानं ठरवून केलंय. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई होती आणि मेकअप मात्र परदेशातून यायचा. पंडित नेहरूंनी जे. आर. डी. टाटांपाशी हा विषय काढला असं सांगतात. 1952 साली टाटांनी लॅक्मे सुरू केली. पुढे 1961 मध्ये सिमोन टाटा संचालक मंडळावर आल्या आणि त्यांनी ती घरोघर नेली. माझ्या आईच्या फणीकरंड्याच्या पेटीत पहिली लिपस्टिक आली ती लॅक्मेची. आईनं ती पेटीत कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली होती, लपवून नाही.

मग महाग बाटलीत जास्त काय असतं? काही गोष्टी खरंच असतात, त्या मान्य करायला हव्यात. पिग्मेंट किती बारीक दळलंय यावर सगळं अवलंबून असतं. कारखान्यात आम्ही ते हेगमन गेजवर, म्हणजे दळणाचा बारीकपणा मोजणाऱ्या पट्टीवर बघायचो. दळण नीट झालं नसेल तर रंग रेघारेघांचा बसतो. ब्रश चांगला असेल तर हात थरथरला तरी कड सरळ येते. पण हे दोन्ही गुण शंभर-दोनशे रुपयांतही सापडतात. घरी तपासायला सोपं आहे. गुळगुळीत जाड कागदावर काळ्या पेनानं रेघ मारा आणि त्यावरून पॉलिशचा एक हात फिरवा. दोन हातांत रेघ दिसेनाशी झाली तर दळण उत्तम. चार हात लागले तर ती बाटली स्वस्त नव्हे, कारण दुप्पट संपणार.

आणि मिलीचा हिशोब करा. समजा साठ रुपयांना पाच मिली, म्हणजे मिलीला बारा रुपये. सव्वीसशेला तेरा मिली, म्हणजे मिलीला दोनशे. शिवाय तेरा मिलीची बाटली संपवलेली बाई मी अजून बघितलेली नाही. द्रावक उडतात, पॉलिश घट्ट होतं, बाटली जाते कचऱ्यात. म्हणून लहान बाटली घ्या. घट्ट झाली तर नेलपॉलिश थिनरचे दोन-चार थेंब टाका. रिमूव्हर ओतू नका, त्यानं पोत बिघडतो.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. अजून मेकअप सगळा बाकी आहे! पळते आता.

पहिलं, मालक बघा. महागडी लॅन्कोम आणि स्वस्तातली मेबलिन या दोन्ही लोरेआल या एकाच कंपनीच्या. एका घरात प्रयोगशाळांचं ज्ञान खालच्या मजल्यावरही उतरतं. मस्कारा आणि आयलायनर घेताना मी तरी वरच्या मजल्याचे पैसे मोजत नाही. तसंच लेबलवर 'विक्रेता' आणि 'उत्पादक' ही दोन नावं वेगळी असतात. वेगवेगळ्या ब्रँडांच्या मागे एकाच उत्पादकाचा पत्ता सापडला तर वहीत नोंद करा.

दुसरं, लिपस्टिक. एरंडेल, मेणं आणि तेच पिग्मेंट. जगाच्या बाजारातलं बहुतेक एरंडेल भारताचं, त्यातही गुजरातचा वाटा सर्वात मोठा. त्यामुळे लिपस्टिकमध्ये परदेशी नावाचे जादा पैसे देण्यात मला अर्थ दिसत नाही.

तिसरं, फाउंडेशन. इथे मात्र हात आखडू नका. आपल्या रंगाची शेड स्वस्त कंपनीत मिळाली तर उत्तम, पण पाच-सहाच शेड ठेवणाऱ्या कंपनीत ती बहुधा नसते. मग थोडे जास्त द्या. जबड्याच्या कडेला लावा, दुकानाबाहेर उन्हात या आणि आरशात बघा. दुकानातल्या पिवळ्या दिव्यावर विश्वास ठेवू नका.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून वेळ संपला तरी बोलणार. स्वस्त ब्रँड वेगळा आणि 'फर्स्ट कॉपी' वेगळी. शंभराची बाटली स्वतःच्या नावानं विकणारा माणूस लेबलवर पत्ता देतो. मोठ्या ब्रँडच्या नावानं तीनशेला विकणारा पत्ता देत नाही, आणि आत काय आहे ते त्यालाही माहीत नसतं. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. डोळ्यांचं आणि ओठांचं सामान तर फर्स्ट कॉपीत कधीही घेऊ नका.

आणि बिनपत्त्याच्या गोऱ्या करणाऱ्या क्रीम. 2023 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण सापडले, आणि त्याचा संबंध अशा क्रीममधल्या पाऱ्याशी लागला. पारा त्वचेतून आत जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. पार्लरमधून किंवा ओळखीतून आलेली, लेबल नसलेली डबी घरात असेल तर आजच थांबवा. पायाला सूज असेल, लघवीला फेस येत असेल, तर डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस लावली तेही सांगा.